प्रिंटरमधला बाबा

पहिल्या प्रिंटमध्ये माझ्या नवऱ्याला कावीळ झाली होती. दुसऱ्यात त्याच्या नाकावरून आडव्या पांढऱ्या रेघा गेल्या. तिसऱ्यात तो पाण्यात पडल्यासारखा वाहून गेला. शाई काही केल्या सुकेना, आणि मी कागद उचलला तर त्याचा डावा डोळा माझ्या बोटाला आला. तिन्ही कागद उजेडाकडे धरून माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे."

हर्षदभावजींच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट ड्रायव्हरमुळे बिघडते. ते लांज्याला एका काजूच्या कारखान्यात ऑफिसमध्ये कॉम्प्युटरवर बसतात. 'बसतात' हा शब्द मी विचार करून लिहिलाय. कारखान्यानं नवा प्रिंटर घेतला तेव्हा जुना हे घरी घेऊन आले, गोणपाटात गुंडाळून, स्कूटरच्या पुढे पायांत धरून. आयुष्यभर काजूच्या पेट्यांवरची लेबलं छापलेलं ते मशीन, पण आणलं ते असं की बोटीतून सोनं उतरवलंय. त्या दिवसापासून मांडवीतल्या आमच्या आळीत कोणाचा टीव्ही बिघडला तरी लोक यांना बोलावतात. आणि हे जातात. जाऊन सांगतात, ड्रायव्हर.

मला फक्त एक फोटो हवा होता. अनिलचा, अख्ख्या कागदावर, चेहरा खऱ्या चेहऱ्याएवढा.

अनिल, म्हणजे माझा नवरा, बोटीवर असतो. गेल्या सुट्टीत तो आला तेव्हा सानवी वर्षाची होती. त्याला बघून ती जी रडायला लागली ती सुट्टी संपेपर्यंत. त्यानं आणलेली बाहुली तिला चालायची, तो चालायचा नाही. तो खोलीत आला की झोपेतसुद्धा तिला कळायचं. शेवटी तो पडवीत अंथरूण घालायला लागला. जाताना बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाला, "नम्रता, पुढल्या वेळी पण असंच झालं ना, तर मी सरळ काँट्रॅक्ट वाढवून घेतो. पोरीला घाबरवायला कशाला यायचं?" हसत म्हणाला. त्याचं कुठलं हसणं हसणं नसतं ते मला कळतं.

आता तो दिवाळीनंतर यायचा होता. सानवी बोलायला लागली होती, माणसं ओळखायला लागली होती. तोपर्यंत तिला बापाचा चेहरा पाठ व्हायला हवा होता.

"मग व्हिडिओ कॉल करा की," असं मला आळीतल्या प्रत्येकानं सांगून झालंय. जणू मला सुचलंच नव्हतं. बोट बंदरात असली तरच त्याचा फोन लागतो, तोही असा की ओठ आत्ता हलतात आणि शब्द नंतर येतात. शिवाय सानवीच्या लेखी फोन म्हणजे माकडाचं गाणं. बाबा दिसला की ती त्याला बोटानं बाजूला सारते आणि पुढचं मागते. म्हणून मला कागद हवा होता. भिंतीवर, तिच्या उंचीला, हलणार नाही असा.

"स्टुडिओत टाकते," मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

भावजींना ते लागलं. "घरात प्रिंटर असताना? लोक काय म्हणतील वहिनी?"

लोक काय म्हणायचे ते म्हणालेच. शेजारच्या सावित्रीकाकू साखर मागायला आल्या, टेबलावरचा रेघारेघांचा अनिल त्यांनी बघितला आणि एकदम पदर तोंडाला लावला. "अगो, कोण गेलं गो?"

"कोण नाय गेलं. अनिल आहे तो."

"हा आपला अनिल? बाय बाय बाय. एवढा कसा उतरला?" मग साखर घेऊन जाताना दारातून, "बोटीवर खायला घालतात ना गो नीट?" संध्याकाळपर्यंत तो आजारी असल्याची बातमी बंदराच्या जेटीपर्यंत पोचली होती.

भावजींनी ड्रायव्हर काढला आणि परत घातला. त्यासाठी एक अख्खा रविवार गेला. मध्ये मध्ये ते मोबाइलवर कोणा हिंदी बोलणाऱ्या मुलाचा व्हिडिओ थांबवून बघत होते आणि मला सांगत होते की हे मला आधीपासूनच माहीत होतं. मग परत प्रिंट काढला. अनिलला कावीळ होतीच, रेघा होत्याच, वर आता तो तिरका झाला होता.

"शाई डुप्लिकेट," भावजी म्हणाले, आणि स्कूटर काढून निघून गेले.

मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्री. या घरात त्याचा उपयोग चहात साखर किती यापुढे कधी झाला नाही, पण प्रॅक्टिकलला एक गोष्ट शिकवली होती ती मला अजून आठवते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ड्रायव्हर, शाई आणि कागद एकदम बदलून वर "बघू काय होतं" म्हणणारा माणूस काही शोधत नसतो, तो नुसता हात धुवून घेत असतो.

सानवी दुपारी झोपली की मी बसायची. एक कान तिच्याकडे. ती झोपेत खोकली तरी मी उठून कपाळाला हात लावून यायची.

प्रिंटरच्या मेनूमध्येच एक चाचणी असते, चारही रंगांची जाळी छापून दाखवते. मी ती छापली. काळी धड, पिवळी धड, गुलाबी बरी. निळी म्हणजे कुंपणाच्या तुटलेल्या तारा. निळा रंग निम्मा येत नव्हता, म्हणून माणूस पिवळा पडत होता आणि रेघा उमटत होत्या. काजूच्या लेबलावर निळा लागतच नसणार. वापराविना शाई वाळून बारीक भोकं बुजली होती. साफसफाईचा एक हुकूम असतो, तो दिला. मशीन घुं घुं करत राहिलं. दुसऱ्यांदा जाळी छापली, तार सांधत आली. अजून एकदा, आणि कुंपण पुरं झालं. यात ड्रायव्हर कुठेही नव्हता.

मग कागद. फोटोच्या कागदाला एक बाजू गुळगुळीत असते, एक खरखरीत. भावजींनी अख्खा गठ्ठा उलटा घातला होता. मशीनला कागद साधा म्हणून सांगितलं होतं ते वेगळंच. शाई सुकणार कुठून? मी त्यांना संध्याकाळी हे दाखवलं.

"तसं चालतं पण," ते म्हणाले.

"डोळा हाताला येतो."

"दमट हवा आहे ना इथली. समुद्र." आणि समुद्राकडे असं बघितलं की गुन्हेगार तोच.

रंग आला, कागद सुकला, पण अनिल तिरका तो तिरकाच. आणि कागदाच्या मधोमध, ठरावीक अंतरानं, पिवळे ठिपके. मी मशीनची मागची झडप उघडली, बॅटरी लावून आत बघितलं आणि तशीच मागे वळून हाक मारली, "आई!"

सासूबाई पदराला हात पुसत आल्या.

"दसऱ्याला प्रिंटरची पूजा कोणी केली?"

"मी. का?"

"कुठे केलीत?"

"कुठे म्हणजे? कोयतीची केली, आंबे काढायच्या झेल्याची केली, हर्षदच्या गाडीची केली. हा नवीन आलेला, ह्याला काय वगळायचा?" मग जरा थांबून, "तोंडात वाहिल्या अक्षता. सगळ्या यंत्रांना बाहेरून लावतो, पण ह्याचं तोंड उघडंच होतं. बरं नाय दिसत उपाशी ठेवलेलं."

रुळाच्या बाजूला तांदळाचे दाणे अडकले होते, म्हणून कागद तिरका जात होता. आणि रुळावर हळद. नुसती पूड नाही, पाण्यात कालवून लावलेली, वाळून चिकटलेली. रूळ फिरला की ठिपका, फिरला की ठिपका. आपट्याचं एक पानही निघालं.

"हळद आहे आतमध्ये, आई."

"मग हळद वाईट काय?" त्या म्हणाल्या. "माझ्या पोराचाच फोटो ना? हळदच लागली, काय डांबर नाय लागलं."

ओल्या फडक्यानं मी रूळ पुसत बसले. चिमट्यानं एकेक दाणा काढला. आई शेजारी उभ्या राहून "हळू गो, देवाचं आहे" म्हणत होत्या.

एवढं करून छापलं तर कागद सरळ, रंग खरा, आणि अनिल तरी धुक्यातला. आता उरला होता तो फोटो. मी भावजींना विचारलं, हा फोटो आला कुठून? अनिलनं गेल्या महिन्यात बंदरातून तो त्यांनाच पाठवला होता: डेकवर उभा, हातात हेल्मेट, गॉगल नाही, म्हणजे तोंड दिसणारा एकमेव. भावजींनी तो त्याच्या वाढदिवसाला स्टेटसला ठेवला, फुगे-बिगे चिकटवून. मग फोन भरला म्हणून मूळ फोटो काढून टाकला. मला मिळाला तो स्टेटसचा स्क्रीनशॉट, फुगे कापून.

"म्हणजे हा फोटोचा फोटो आहे," मी म्हटलं.

"फोटोच ना शेवटी?"

अंगठ्याच्या नखाएवढा फोटो ताणून परातीएवढा करायचा आणि मग प्रिंटरला नावं ठेवायची. मी अनिलला निरोप ठेवला, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, नुसता फोटो म्हणून नको, वाटेत दाबून बारीक होतो. बरेच दिवस काही नाही. मग एका सकाळी तो आला. पापण्या मोजता येतील इतका स्पष्ट.

छापला. आणि कपाळावर पट्टा!

भुवयांच्या वर, आडवा, रेघ मारल्यासारखा. रेघेच्या खाली चेहरा काळसर, वर एकदम फिका. मी परत साफसफाईचा हुकूम दिला. परत जाळी छापली, जाळी निर्दोष. परत फोटो, पट्टा जिथल्या तिथे. निळी शाई तळाला गेली. मग मला एक युक्ती सुचली, जिचा मला अजूनही अभिमान आहे: फोटो उलटा करून छापला, डोकं खाली. पट्टा मशीनचा असेल तर कागदावर त्याच जागी येईल. आला नाही. अनिलच्या कपाळाबरोबर तोही खाली गेला.

म्हणजे मशीन निर्दोष. फोटोच खराब. सावली पडली असेल, नाहीतर त्याच्या मोबाइलचा कॅमेरा भिकार. भावजी म्हणाले, "एडिट करतो," आणि त्यांनी तो पट्टा असा पुसला की अनिल कुठल्यातरी पावडरच्या डब्यावरचा बाप्या दिसायला लागला.

मी त्यांच्या हातातून माउस काढून घेतला. लग्नाच्या फोटोवाल्यानं दिलेला पेन ड्राइव्ह कपाटात होता. त्यातला अनिल, फेटा बांधलेला, गुळगुळीत दाढी केलेला, कुठे डाग नाही की सावली नाही. तो छापला. पहिल्या फटक्यात असा आला की आरशासारखा. काचेच्या फ्रेममध्ये घालून बाहेरच्या खोलीत सानवीच्या उंचीला लावला.

"सानू, कोण?"

सानवीनं बघितलं. "काका."

"काका नाय. बाबा."

"काका," ती म्हणाली आणि आजीकडे पळाली.

आता आजी काय करत होती ते सांगते. आमच्या घरात काही फुकट जात नाही. वाया गेलेले सगळे प्रिंट आईंनी गादीखाली सरळ करून ठेवले होते. "जाड कागद आहे, पुसता येतो," म्हणून एक काढून सानवीच्या ताटाखाली घातला. नेमका पट्टेवाला. त्याच्यावर ताट, वरणभात, आणि घास भरवणं: हा काऊचा, हा चिऊचा, हा बाबाचा. बाबाचा घास आला की ताट सरकवायचं, भाताची चार शितं अनिलच्या तोंडाला लावायची आणि उरलेला घास पोरीच्या तोंडात. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा किंचाळलेच.

"आई! शाई आहे ती! पोटात जाईल तिच्या!"

"अनिल लहान असताना वर्तमानपत्रावर जेवला हाय. मेला नाय."

मी कागद काढून घेतला आणि दुकानातून आणलेली फळांच्या चित्रांची चटई घातली. सानवीनं तोंड मिटलं. त्या दिवशी नाही जेवली, दुसऱ्या दिवशी नाही. वजनाच्या तक्त्यावरची रेघ वाकडी झाली की मला झोप येत नाही. तिसऱ्या दिवशी मी कागद परत दिला, पण दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कडा चिकटपट्टीनं बंद करून. आई गालात हसल्या. जेवता जेवता सानवी त्या कपाळावरच्या पट्ट्यावरून बोट फिरवत बसायची, या कानापासून त्या कानापर्यंत. मला वाटायचं, बाई गं, हिला प्रिंटमधली नेमकी खोटच आवडावी.

फ्रेमसमोर मात्र मी तिची रोज उजळणी घ्यायची. शेवटी शेवटी ती विचारलं की "बाबा" म्हणायला लागली, शाळेत हजेरी देतात तशी. मी म्हटलं, चला, झालं.

अनिल सकाळच्या गाडीनं आला. भावजी स्टेशनवर आणायला गेले होते. दारात उभा राहिला तो दाढी वाढलेला, काळा पडलेला, गालफडं वर आलेला माणूस, डोक्याला टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मीच क्षणभर थबकले. सानवी माझ्या गाऊनमध्ये तोंड खुपसून उभी राहिली. रडली नाही, पण मला तिच्या पाठीवरून कळत होतं की रडणं कुठपर्यंत आलंय.

तो पुढे आला नाही. शहाणा झाला होता. पडवीतच बॅग ठेवली.

आणि मी, इतके दिवस शिकवलेलं वाया जाऊ नये म्हणून, नको तेव्हा नको ते विचारलं. "सानू, बाबा कुठाय?"

सानवीनं गाऊनमधून एक हात काढून फ्रेमकडे दाखवलं. "बाबा."

अनिलनं फ्रेमकडे बघितलं. फेट्यातल्या स्वतःकडे बराच वेळ बघत राहिला. "हा का?" म्हणाला. "बरोबर आहे. हा जास्त बरा आहे." आणि हसला. तेच हसणं, बॅगेची चेन ओढतानाचं. बॅगही त्यानं आत आणली नाही.

"दादा, प्रिंट क्वालिटी बघितलीस का पण?" भावजी म्हणाले. काही माणसांना तोंड कशासाठी दिलेलं असतं देव जाणे.

दुपारी पानं वाढली. सानवीचं ताट माझ्या मांडीजवळ, खाली तो प्लास्टिकमधला कागद. अनिल समोरच्या भिंतीला टेकून, जमेल तितका लांब बसला. घास मोडणार तेवढ्यात आई करवादल्या, "टोपी काढ मेल्या जेवताना! बोटीवर शिकवलंन हे?"

त्यानं टोपी काढली.

कपाळावर पट्टा होता. भुवयांच्या वर, आडवा, रेघ मारल्यासारखा. खाली उन्हानं करपलेला चेहरा आणि वर, जिथे रोज हेल्मेट बसतं तिथे, फिकं गोरं कपाळ. ज्याच्यासाठी मी निळी शाई तळाला नेली, तो पट्टा माझ्या नवऱ्याच्या कपाळावर होता, आणि फोटोत त्याच्या हातात ते हेल्मेट होतं, आणि मी त्या हेल्मेटकडे एकदाही बघितलं नव्हतं.

सानवीचं चघळणं थांबलं. तिनं त्याच्याकडे बघितलं. मग आपलं ताट दोन्ही हातांनी बाजूला ढकललं. वरण जमिनीवर सांडलं. तिनं खालच्या कागदाकडे बघितलं. परत त्याच्याकडे.

ती उठली. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. मुठीत सापडला तेवढा भात घेऊन ती पानांच्या मधून चालत गेली, त्याच्यासमोर उभी राहिली. दुसऱ्या हाताचं बोट तिनं त्याच्या कपाळावर ठेवलं आणि त्या रेघेवरून फिरवलं, या कानापासून त्या कानापर्यंत.

"बाबा," ती म्हणाली. "आ."

त्यानं तोंड उघडलं. निम्मा भात तोंडात गेला, निम्मा दाढीत. ती परत ताटाकडे आली, परत मूठ भरली, परत गेली. तो चावत होता आणि डोळे गळत होते, आणि तोंड पुसायला त्याला उसंत नव्हती.

"बघितलंस?" आई मला म्हणाल्या. "यंत्राला हळद लावली म्हणून."

"वहिनी, मी पहिल्यापासून सांगत होतो," भावजी पापड मोडत म्हणाले, "प्रिंटरमध्ये काही खराबी नव्हतीच."

मी मोजत होते: सानवीनं आज स्वतः किती घास खाल्ले. एकही नाही. सगळे त्याला. पण तिसऱ्या फेरीला त्यानं तिच्या मुठीतला अर्धा भात तिलाच भरवला, आणि तिनं तो त्याच्याकडे बघत गिळला, तेव्हा मी उठले आणि पडवीतली बॅग आत आणून ठेवली.

भिंतीवरून फेटेवाला काका आमच्याकडे बघत होता, स्वच्छ, गुळगुळीत, अंगावर कुठे एक रेघ नसलेला. त्याच्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही.